तारखेसकट माप

डॉक्टरीणबाईंनी तो काळा चौकोन उजेडाकडे धरला, उलटसुलट करून पाहिला आणि टेबलावर ठेवून दिला.

"हे काय आहे?"

"पहिल्या सोनोग्राफीचा फोटो," सासरे म्हणाले. "खराब होऊ नये म्हणून लॅमिनेट करून घेतला."

आता या माणसाला काय बोलायचं? तो कागद उष्णतेनं काळा पडतो, आणि यांनी नेमका तापलेल्या यंत्रातून काढून आणला. पहिल्या तपासणीचे आकडे त्याच कागदावर होते, दुसरीकडे कुठेच नव्हते, आणि ते क्लिनिकही केव्हाच बंद झालेलं. बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. सकाळपासून ही अकरावी पेशंट होती आणि चहा अजून नशिबात नव्हता.

सून पोटाला जेल फासून टेबलावर पडली होती. पाळी आधीपासूनच अनियमित, त्यामुळे दिवस कधी गेले हे तिलाही सांगता येत नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी दुसरीकडे तपासणी झाली, तर तिथल्या महाभागानं अर्ध्या पानावर 'तीस आठवडे, सर्व ठीक' एवढंच खरडलं आणि त्यावरून बाळंतपणाची नवी तारीख देऊन मोकळा झाला. मापांचा पत्ताच नाही. त्या हिशोबानं आज तेहतीस व्हायला हवे होते, मशीन बत्तीस दाखवत होतं.

"म्हणजे एका आठवड्याचाच फरक की," सासरे म्हणाले.

"कसला फरक?" बाई उखडल्या. "मशीन वय सांगत नाही हो. एवढं बाळ साधारण कितव्या आठवड्यात असतं, तेवढंच सांगतं. सुरुवातीला सगळी बाळं जवळपास सारखीच वाढतात, म्हणून वय पहिल्या मापावरून ठरवायचं आणि पुढच्या मापांनी वाढ बघायची. हे लोक दर वेळी वयच बदलतात. मग बाळ मागे पडलं तर कळणार कसं? हे तेहतीस आठवड्यांचं असेल तर घरी जा, आठवड्यानं या. छत्तीसचं असेल तर ते आत उपाशी आहे, आजच बाहेर काढायला हवं. आणि तेहतीसचं असताना उगाच काढलं, तर फुप्फुसं कच्ची. सांगा, काय करू मी?"

 सासरे शिंपी होते, दुकानातून उठून तसेच आले होते, टेप अजून गळ्यातच. आल्यापासून तीनदा 'माप किती आलं' विचारून त्यांनी बाईंचं डोकं उठवलं होतं. आता त्यांना मान वर करवत नव्हती.

"बाबा, तुमच्या वहीत असेल ना," सून पडल्यापडल्या म्हणाली.

"अगं, ती गिऱ्हाइकांची वही."

"त्यातच लिहिलं होतंत. मला दाखवलं होतंत."

पिशवीतून तेलकट पुठ्ठ्याची वही निघाली. सासऱ्यांनी अंगठ्याला थुंकी लावून पानं उलटली. बाईंना त्याचाही वैताग आला. एका कोटाचं माप आणि एका गणवेशाचं माप, त्यांच्या मधे एकच ओळ होती. 'आमचं बाळ. डोकं ते बूड, ४२ मिलिमीटर.'

"पहिल्या सोनोग्राफीच्या वेळी तिथल्या मुलीला विचारून घेतलं होतं," ते ओशाळून म्हणाले. "पहिलंच नातवंड आहे."

"तारीख?"

"ही काय, वर. तारखेशिवाय माप लिहीत नाही मी. माणसं जाड-बारीक होतात आणि बोलणी मला बसतात."

बाईंनी वही जवळजवळ हिसकावूनच घेतली. बेचाळीस मिलिमीटर म्हणजे अकरा आठवडे. तिथपासून आजपर्यंत पंचवीस. त्यांनी कॅलेंडरवर बोट ठेवून पुन्हा मोजलं, आणि पुन्हा तेवढेच आले.

"छत्तीस," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली आला होता. "आता घरी जायचं नाही. मी प्रसूतिगृहात फोन करते. आजच."

सुनेनं टेबलाची कड धरली. तिच्याऐवजी सासऱ्यांचेच डोळे भरून आले. त्यांनी वही मिटायला घेतली.

"थांबा. आजचंही लिहून घ्या," बाई म्हणाल्या. "बाळाच्या पोटाचा घेर, सत्तावीस पूर्णांक तीन सेंटिमीटर."

"असायला किती हवा होता?"

"बत्तीस."

आयुष्यभर मापंच घेतलेल्या माणसाला जास्त सांगावं लागलं नाही. त्यांनी वर तारीख घातली, खाली आकडा लिहिला. 

"पुढचं माप कधी?"

बाई फोन लावत होत्या. त्यांनी रिसीव्हर कानाला धरूनच सासऱ्यांच्या गळ्यातल्या टेपकडे बोट दाखवलं.

"पुढचं तुम्ही घ्यायचं," त्या म्हणाल्या. "आणि लिहून मला दाखवायला आणायचं. लॅमिनेट न करता."