मूत्रपिंडातला गुलाबी थर

यामिनाच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. त्याबरोबर काचपट्ट्यांची पेटी आली होती आणि पत्र नि पेटी वसंतभर माझ्या टेबलावर पुस्तकांच्या आडोशाला पडून होती. यामिना माझी जुनी विद्यार्थिनी. आमच्या देशात सिदी बूझिद भागात वाळूमाशी चावून पोरांच्या गालांवर व्रण उठतात, त्यांवर ती औषध शोधत होती. औषध दिलेल्या उंदरांच्या मूत्रपिंडांत बिघाड दिसला, आणि तिचं काम बंद करायचं का ते तिच्या संस्थेच्या ईदनंतरच्या बैठकीत ठरणार होतं. तुम्हीही औषधाचाच दोष म्हणालात तर सोडून देईन, असं तिने लिहिलं होतं.

मी पाहिलं होतं. मेलेल्या प्राण्यांचे काप सूक्ष्मदर्शकाखाली वाचणं हेच माझं आयुष्यभराचं काम. मूत्रपिंडांत काचेसारखा गुलाबी थर साचला होता. औषधाच्या गटात पुष्कळांना, औषध न दिलेल्या दुसऱ्या गटात जवळजवळ कुणालाच नाही. असा थर बहुधा अंगावर कुठेतरी जखम चिघळत राहिली की साचतो. पण पेटीत नुसते आतले अवयव होते, कातडी नव्हती. हो म्हणायला मन धजेना, नाही म्हणायला पुरावा नव्हता. शिवाय निवृत्त माणसाने किती बोलावं?

ईदच्या तोंडावर शेजारच्या हमादींनी त्यांचा कुर्बानीचा मेंढा आमच्या गच्चीवर, आमच्या मेंढ्याशेजारी आणून बांधला. त्यांची गच्ची दुरुस्तीला काढली होती. दुपारीच दोन्ही मेंढ्यांनी दोर तोडून टकरा सुरू केल्या. मी पाण्याची बादली घेऊन उभा. माझी बायको नझीहा खराटा घेऊन मधे घुसली.

"अहो, बादली काय ओवाळताय? ओता की."

मग ती हमादींकडे वळली. "दोन अनोळखी नर एका जागी बांधलेत, ते काय गळ्यात गळे घालून बसणार होते?"

"वहिनी, माझा मेंढा गरीब आहे हो."

"आहे ना, मालकासारखाच. फक्त डोकं ठिकाणावर नाही."

मी बादली तिथेच ठेवून खाली आलो आणि पेटी पुन्हा उघडली.

दुसऱ्या दिवशी संस्थेत गेलो. उंदरांची देखभाल लाझरकडे असते. प्रयोग चालू असताना आलेल्या गेल्या ईदला सुट्टीत उंदरांची सोय कशी केली होती, हे मी अडखळतच विचारलं. त्याने सरळ सांगितलं: सगळे गावी जातात, मागे एकटाच माणूस राहतो. औषधाच्या गटातले काही उंदीर रक्ततपासणीसाठी आधीच काढले होते, पिंजरे अर्धे रिकामे होते. म्हणून त्या पिंजऱ्यांतले बरेचसे उंदीर एकत्र केले. दुसऱ्या गटाचे भरलेले होते, ते तसेच ठेवले.

"दर ईदला करतो, सी झुबेर," माझ्या नावाआधी आदराचा 'सी' लावून तो म्हणाला. "माद्यांत नाही हं टाकले, नर नरांतच ठेवले."

उंदरांची शरीरं फॉर्मलिनच्या बरण्यांत जपून ठेवलेली होती. मी केस बाजूला सारले. शेपटीच्या मुळाशी, पाठीवर चाव्यांचे जुने व्रण. यामिनाने सगळ्या उंदरांच्या त्या जागच्या कातडीच्या काचपट्ट्या करून दिल्या. कुठला उंदीर कुठल्या गटातला हे मला कळू नये म्हणून क्रमांक झाकायला लावले, आणि सगळ्या पट्ट्या पहिल्यापासून वाचल्या. क्रमांक उघडले तेव्हा दिसलं की ज्याला चावे, त्याच्याच मूत्रपिंडांत थर. औषध घेऊनही न चावलेल्या उंदरांची मूत्रपिंडं स्वच्छ होती.

"मग औषध निर्दोष म्हणायचं का, सर?"

"तसं नाही म्हणवत मला. या मूत्रपिंडांची साक्ष औषधाविरुद्ध लागत नाही, एवढंच."

ती हसली. डोळे मात्र पुसत होती. "तुमचा होकारसुद्धा नकारासारखा असतो. पण हेच लिहून द्या. बैठकीत मला तेवढं पुरे."

घरी येऊन लिहिलं. प्रयोग पुन्हा करावा, एका विणीचे नर पहिल्यापासून एकत्र ठेवावेत, सुट्टी आली तरी हलवू नयेत. नझीहाने वाचून पाहिलं आणि म्हणाली, फार 'कदाचित' झालेत. मी बरेचसे खोडले. एक मात्र राहू दिला, तो खरा होता.

पत्र यामिनाच्या हाती देता आलं असतं. पण तिने टपालानेच विचारलं होतं. कोपऱ्यावरच्या पिवळ्या पेटीपाशी मी पत्ता पुन्हा एकदा वाचला आणि पाकीट आत सोडलं.