फेलो शब्दाचे मूळ मीच सांगितले

मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. जुना म्हटले म्हणून माझी कीव करू नका, मित्रांनो. माझे एकही पान अजून गळालेले नाही. पुण्याच्या एका छापखान्यात कारागिरांनी माझे एकेक अक्षर हाताने जुळवले आणि जाड पुठ्ठ्यात मला बांधले. काही कोश अर्थ सांगून मोकळे होतात. मी अर्थाखाली बारीक अक्षरांत शब्दाचे मूळही सांगतो, म्हणजे तो कुठून आला, कोणाच्या घरचा. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

नेवाशाजवळच्या एका शाळेत मी पस्तीस वर्षे काम केले. गुरुजी अडले की म्हणत, "कोश आणा." मला दोन्ही हातांनी उचलावे लागे. पुढे सगळ्यांच्या हातात मोबाईल आले आणि माझ्यावर खडूचे खोके येऊन बसले. एक दिवस मला रद्दीत टाकले. शाळेचे शिपाई रंभाजी त्याच महिन्यात निवृत्त होत होते. त्यांना इंग्रजी येत नव्हते, पण माझी धूळ रोज त्यांनीच पुसली होती. मुख्याध्यापकांना विचारून त्यांनी मला सायकलच्या कॅरियरवर बांधले आणि घरी नेले.

रंभाजींची जमीन दोन एकर, शेजारी बन्सीभाऊंची तेवढीच. दोघांकडे एकेकच बैल. म्हणून त्यांची सावड होती. दोन्ही बैल एका जुवाला जुंपायचे आणि दोघांची राने पेरायची. अशा जोडीदाराला आमच्याकडे सावड्या म्हणतात. त्यांची रीत अशी, की जो आपला बैल घेऊन दुसऱ्याच्या दारी जाईल, त्याचे रान मागून पेरायचे.

गेल्या उन्हाळ्यात बन्सीभाऊंनी बांधावरची सामाईक बाभूळ न विचारता तोडली आणि बोलणे बंद झाले. ज्वारीची पेरणी आली. जमिनीत जेमतेम दोन दिवसांची ओल उरली होती, ट्रॅक्टरचा नंबर आठवड्यानंतरचा होता आणि दोन बैल दोन गोठ्यांत नुसते उभे होते. जो आधी जाईल त्याचे रान कदाचित कोरडे पडणार. मग जायचे कोणी?

त्या संध्याकाळी रंभाजींची नात प्रज्ञा मला घेऊन ओट्यावर बसली. माणसासाठी रोज वापरल्या जाणाऱ्या एका इंग्रजी शब्दाचे मूळ तिला कॉलेजात सांगायचे होते. तिने 'फेलो' काढला आणि मोठ्याने वाचले, "सोबती, जोडीदार. उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांच्या जुन्या भाषेतून आलेला शब्द. गुरेढोरे किंवा धन, आणि मांडणे, यांपासून. आपले धन दुसऱ्याच्या धनाजवळ मांडून भागीत काम करणारा."

"मंजी सावड्याच की," रंभाजी म्हणाले.

"हो आजोबा. सावड्याच."

त्यांनी गोठ्यातल्या बैलाकडे पाहिले. "पंचवीस वर्साचा सावड्या आमी एका बाभळीपायी घालवला. पुस्तक बरूबर हाय, पोरी. आधी कुनीतरी मांडावं लागतं."

सकाळी त्यांनी बैल सोडला. प्रज्ञा मला काखेत घेऊन कॉलेजला निघाली होती, ती त्यांच्याबरोबर बन्सीभाऊंच्या दारापर्यंत आली. रंभाजींनी आपला बैल त्यांच्या बैलाशेजारी नेऊन उभा केला.

"बन्सीभाऊ, आधी तुमचं रान घ्या."

बन्सीभाऊंनी बैलाच्या पाठीवर हात ठेवला. "बाभळीचं माझं लई चुकलं, रंभाजीराव." मग त्यांनी जोडी जुंपली आणि बांध ओलांडून सरळ रंभाजींच्या रानात घातली.

"अवो, रीत तशी न्हाई."

"न्हाई तर न्हाई. यंदा आधी तुमचं."

दुसऱ्या दिवशी बन्सीभाऊंचेही रान पेरून झाले, पण शेवटच्या कोपऱ्याला ओल पुरली नाही.

मित्रांनो, घरात जुना कोश असेल तर त्याला कोरड्या जागी ठेवा, ओल्या बोटाने त्याची पाने उलटू नका, पण उलटत राहा.

आता ज्वारी कमरेएवढी झाली आहे. बन्सीभाऊंच्या रानातला तो कोपरा तेवढा विरळ आहे. प्रज्ञा मला घेऊन बांधावरून जाते, तेव्हा मी तो मोठ्या अभिमानाने पाहतो. फेलो या शब्दाचा इतका चांगला दाखला माझ्या एकाही पानावर छापलेला नाही.