जाड कार्डासाठी प्रिंटर

"मॅडम, हे मशीन काहीही छापतं," विकणारा म्हणाला.

"मग हे छापून दाखवा," मी म्हटलं आणि पिशवीतून माझं एक कोरं कार्ड काढून काउंटरवर ठेवलं.

त्याने ते बोटांत धरून वाकवून बघितलं. वाकेना. "हे कार्ड आहे की फळी?"

"कार्ड आहे. लग्नाचं, वाढदिवसाचं, दुकानाच्या उद्घाटनाचं, म्हणाल त्याचं. लावा."

त्याने लावलं. मशीनने कार्ड अर्धं आत ओढलं, घशात घास अडकल्यासारखा आवाज केला आणि गप्प झालं. मागचं झाकण उघडून त्याने कार्ड खेचून काढलं, तर कोपरा चुरगळलेला आणि मधोमध शाईचा फराटा. वर हा शहाणा मलाच म्हणतो, "तुमचं कार्डच चुकीचं आहे." माझं टाळकंच सटकलं. काहीही छापतं म्हणणारा तो, आणि चूक माझ्या कार्डाची! त्याला चार शब्द सुनावून मी तरातरा बाहेर पडले. त्या बाजारातलं हे तिसरं दुकान होतं आणि तिन्ही ठिकाणी हीच तऱ्हा.

आमचा धंदा तसा छोटासा. घरातली पुढची खोली, एक मोठं टेबल आणि भिंतीला लागून कागदांचे गठ्ठे. मी कागद कापते, घड्या घालते, कडा रंगवते आणि गिऱ्हाईकांशी बोलते. मजकूर आणि नावं हाताने लिहितात वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. त्यांचं अक्षर असं, की लोक कार्ड हातात आलं की आधी अक्षराचं कौतुक करतात आणि मग लग्न कोणाचं आहे ते बघतात.

पण गेले काही महिने वन्संचा हात थरथरायला लागला होता. ओळ सरळ निघायची आणि शेवटाकडे उतरणीला लागायची. त्या काही बोलल्या नाहीत आणि मीही बोलले नाही. बिघडलेली कार्डं दिसली की मी म्हणायचे, "कागदच खराब आलाय हो. पातळ आहे, त्यावर पेन घसरतं." एवढ्यावर थांबले असते तर मी कसली! बोलणं खरं वाटावं म्हणून मी कागदवाल्याच्या दुकानात जाऊन त्याच्याशी कडाकडा भांडून आले. तो बिचारा इतक्या वर्षांचा भला माणूस, माझ्या तोंडाकडे बघतच राहिला. मग मी दुसरीकडून जाड कागद आणला. ओळी उतरतच होत्या. वन्सं म्हणाल्या, "जाडच बरा पडतोय गं," म्हणून त्याहून जाड आणला. शेवटी कागद इतका जाड झाला की घडी घालताना माझ्या अंगठ्याला घट्टे पडले.

आता प्रिंटर घेतल्यावाचून गत्यंतर नव्हतं. पण वन्संना ते सांगायचं कोणी? यजमान गेल्यावर त्या आमच्याकडे राहायला आल्या, तेव्हा जवळजवळ वर्षभर मागच्या खोलीतल्या खिडकीशी बसून होत्या. जेवा म्हटलं की जेवायच्या, झोपा म्हटलं की झोपायच्या. मग कार्डांचं काम सुरू झालं, त्यांच्या हातात पेन आलं आणि बाई माणसांत आली. मी घरात मशीन आणलं, त्यांचं पेन सुटलं, आणि त्या परत त्या खिडकीशी जाऊन बसल्या तर? नवऱ्याला म्हटलं, "तुम्ही सांगा." तर म्हणाला, "तूच सांग ना." मी म्हटलं, "बहीण तुमची की माझी?" तर म्हणतो, "पण भीती तुला वाटतेय ना?" असला नवरा! शेवटी ठरवलं, आधी गुपचूप मशीन निवडायचं आणि मग काय ते बोलायचं. शिंपिणीकडे जाऊन येते अशी थाप मारून मी त्या दिवशी घरून निघाले होते.

चौथं दुकान गल्लीच्या टोकाला होतं. मालक वयस्क, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी फुशारकी मारली नाही. माझं कार्ड हातात घेतलं आणि एकदम हसले.

"आलं परत!"

"परत म्हणजे?"

"परवा एक बाई हीच कार्डं घेऊन आल्या होत्या. माझी दोन मशीनं अडकवून गेल्या."

मी कान टवकारले. ही कार्डं मी स्वतः कापते, कडा स्वतः रंगवते. बाजारात दुसऱ्या कोणाकडे असायचं कारणच नाही. "कोण बाई? दिसायला कशी?"

"उंच आहेत. केस पांढरे. पण बोलणं किती गोड हो! मशीन माझं अडकलं आणि मलाच म्हणाल्या, वाईट वाटून घेऊ नका."

गोड बोलणारीच गळा कापते, असं माझ्या मनात आलं. नक्कीच कोणीतरी आमचं गिऱ्हाईक बनून आली असणार, कार्ड नेलं असणार आणि आता तस्संच बनवून विकणार. रागाने माझं डोकं इतकं तापलं होतं की दुसरं काही सुचलंच नाही.

"आज यायच्या आहेत," मालक म्हणाले. "मागच्या बाजूने कागद घालायचं एक मशीन गोदामातून मागवलंय त्यांच्यासाठी. काय आहे, ह्या साध्या मशीनमध्ये कागद खालून निघतो आणि रुळाभोवती वळून वर येतो. तुमचं कार्ड वळतच नाही, तर येणार कसं?"

"येऊ देत त्यांना. मी बसते इथेच," मी म्हटलं आणि स्टूल ओढून दाराकडे तोंड करून बसले. काय काय बोलायचं ते मनात जुळवत होते. पहिलं वाक्य तर असं झणझणीत सुचलं होतं की माझं मलाच बरं वाटलं.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "मालक, आलं का हो आपलं मशीन?"

तो आवाज मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत घरात ऐकते.

"वन्सं?"

"अगं बाई!" वन्सं दारातच थबकल्या. "तू शिंपिणीकडे गेली होतीस ना?"

"आणि तुम्ही डोळे तपासायला जाणार होतात ना?"

माझं झणझणीत वाक्य कुठल्या कुठे गेलं. मालकांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "ओळख आहे वाटतं," ते म्हणाले.

"मी आपली सहज आले होते," मी म्हटलं.

"मीसुद्धा सहजच," वन्सं म्हणाल्या. पण त्यांच्याही पिशवीतून कार्डांचा गठ्ठा डोकावत होता. माझी नजर तिकडे गेलेली त्यांनी पाहिली आणि पिशवी पदराआड घेतली. मग त्यांनाच ते पटलं नसावं. त्यांनी पिशवी काउंटरवर ठेवली.

"हात चालत नाही गं माझा," त्या म्हणाल्या. "सकाळी जरा स्थिर असतो, म्हणून तू उठायच्या आत जमेल तेवढं लिहून ठेवायचे. आता तेही होत नाही. पण तुला सांगू कसं? धंदा सगळा माझ्या अक्षरावर उभा. मी पेन खाली ठेवलं तर तू काय करशील? म्हटलं, आधी मशीन शोधून ठेवते, मग सांगते."

"मला माहीत होतं हात थरथरतो ते."

"माहीत होतं?" वन्संचा गोड आवाज पहिल्यांदाच चढला. "मग कागद खराब, कागद खराब, असं कशाला धरून बसली होतीस?"

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

"धन्य आहे तुझी! आणि मी जाड कागद बरा पडतो म्हणत होते, ते तुला वाईट वाटू नये म्हणून. तू एवढी भांडून आलीस, नवीन कागद शोधून आणलास, आता ह्यानेही काही होत नाही असं कोणत्या तोंडाने सांगू?"

"म्हणजे जाड कागदाने काहीच फरक पडत नव्हता?"

"डोंबलाचा फरक! उलट त्यावर पेन अडकायचं."

मालक इतका वेळ हाताची घडी घालून ऐकत होते. त्यांनी आमची दोन कार्डं उचलून एकमेकांवर आपटली. खट् असा आवाज आला. "एक विचारू? म्हणजे ही फळी तुमच्यापैकी कोणालाच नको आहे?"

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. "कोणालाच नको," मी म्हटलं.

"अहो, मग माझ्या मशीनांचा जीव का घेताय?" त्यांनी कपाळाला हात लावला. खणातून त्यांनी साधा कार्डाचा कागद काढला, अगदी आमचा पूर्वीचा असायचा तसा, आणि दाराजवळच्या दोन छोट्या मशीनांवर, एक शाईचं आणि एक रंगाची पूड तापवून चिकटवणारं, एकेक कार्ड छापलं. दोन्ही सुर्रकन बाहेर आली. ना कोपरा मुडपला, ना फराटा उमटला.

मग आम्ही दोघी त्या कार्डांवर तुटून पडलो. मी नखाने खरवडून बघितलं, ओलं बोट फिरवून बघितलं. दोन्ही टिकली. वन्संनी मात्र कार्डं मधोमध दुमडली, घडीवरून अंगठा दाबून नेला आणि उघडून उजेडात धरली. पूड तापवून चिकटवणाऱ्या मशीनचा रंग घडीवर तडकून पांढरी रेघ दिसायला लागली होती. शाईवाल्याचा रंग जिथल्या तिथे होता. कार्ड दुमडलं जाणारच, हे माझ्या टाळक्यात आलंच नव्हतं.

"हे द्या," वन्संनी शाईवाल्या मशीनवर हात ठेवला, आणि मला एकदम इतकं हलकं वाटलं की हसूच आवरेना. मी हसले म्हणून वन्सं हसल्या, आणि आमचं बघून मालकही. इतके दिवस मी फळ्या कापत होते, वन्सं त्यांवर लिहीत होत्या आणि दोघी मिळून बाजारातली मशीनं अडकवत हिंडत होतो!

"पण कागदवाल्याला आता तोंड कसं दाखवू?" मी डोळे पुसत म्हटलं.

"तू दाखवूच नकोस. मी जाते. आणि आता माझा हात मोकळाच झालाय, तर गिऱ्हाईकांशीही मीच बोलेन. तू आत बसून कागद काप. तुझ्या तोंडामुळे निम्मी गिऱ्हाईकं दारातूनच परत जातात."

एरवी असं कोणी बोललं असतं तर मी त्याला सोडलं नसतं. पण मला बरंच वाटलं. गिऱ्हाईकांशी बोलायचा मला पहिल्यापासून मनस्वी कंटाळा.

मालक मशीन खोक्यात भरायला लागले. मला राहवेना. मी म्हटलं, "वन्सं, मला एकच भीती होती. पेन सुटलं की तुम्ही परत त्या खिडकीशी जाऊन बसाल."

त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. मग म्हणाल्या, "तुला वाटतं मी पेनामुळे उठले?"

"मग कशामुळे?"

"घरात सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलायचे. माझा भाऊसुद्धा. मी म्हणजे काचेचं भांडं. आणि एक दिवस तू दारात उभी राहून माझ्यावर ओरडलीस. म्हणालीस, वन्सं, इथे मी एकटी मरतेय आणि तुम्ही काय बाहेर बघत बसलाय, उठा आणि कागद धरा! किती बरं वाटलं म्हणून सांगू. पाहुण्या बाईवर कोणी असं ओरडत नाही गं."

एवढी तोंडाळ मी, दुकानाच्या मधोमध पदर डोळ्यांना लावून उभी राहिले. मालकांनी खोक्याला दोरी बांधून दिली, आम्ही दोघींनी दोन बाजूंनी धरलं आणि घराकडे निघालो.