वजा झालेली पाच मिनिटं

मित्रांनो, हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी एक जुनी लाकडी पट्टी आहे आणि मला शून्यच नाही! कारखान्यातून निघाले तेव्हा मी चांगली तीस सेंटीमीटरची होते. एका छोट्या विमानतळावर नोकरीला लागले, आणि पहिल्याच महिन्यात जिन्यावरून पडून माझा पहिला सेंटीमीटर मोडला.

माझं काम भिंतीवरच्या नकाशावर होतं. कुठलं विमानतळ किती लांब आणि आमच्या छोट्या विमानाला तिथे पोचायला किती वेळ, हे मार्ग आखणारे काका माझ्यावरून काढायचे. नकाशावरचा एक सेंटीमीटर म्हणजे वीस किलोमीटर, म्हणजेच उड्डाणाची पाच मिनिटं. काका एकच्या खुणेपासून मोजायचे आणि शेवटी मोठ्याने म्हणायचे, "एक वजा!" म्हणून सगळे त्यांना वजाकाका म्हणू लागले.

"काकांना वय विचारू नका गं, तिथेही एक वजा करतील!" वैमानिकताई चिडवायची.

पुढे मोजायला संगणक आला, मग नुसती मिरवायला चकचकीत स्टीलची पट्टी आली आणि मी खणात गेले. सुकलेली पेनं आणि मी! खोटं कशाला बोलू, रडू आलं. पण ओल आली तरी वाकायचं नाही, असं मी ठरवलं. आणि नाहीच वाकले.

एका दुपारी संगणक बंद पडला, आणि नेमका तेव्हाच फोन आला. डोंगरापलीकडच्या गावातल्या दवाखान्यात एका लहान मुलीचं ऑपरेशन अडलं होतं. डॉक्टरबाईंना इथून न्यायचं होतं. तिकडच्या धावपट्टीला दिवे नाहीत. सूर्यास्त सव्वासहाला, आणि त्याआधी पाच मिनिटं उतरलंच पाहिजे, असा नियम. उशीर झाला तर वाटेतून परत फिरायचं.

काकांनी स्टीलची पट्टी लावली. "सतरा... एक वजा, सोळा. ऐंशी मिनिटं. चार पन्नासला निघा."

खणात माझा जीव खालीवर! अहो काका, तिला शून्य आहे! पण पट्टीला तोंड कुठे असतं?

वैमानिकताई दारातून परत वळली. "काका, एकदा परत मोजा ना."

"तीस वर्षं मोजतोय मी."

"म्हणूनच म्हणते. तुमच्या पट्टीने मोजा."

कुरकुरत काकांनी खण उघडला. मी नकाशावर अशी सरळ पडले की विचारू नका! अठरा. एक वजा, सतरा. काकांचा चेहरा उतरला. दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून त्यांनी पाहिलं, आणि खिडकीतून सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "चूक माझी आहे! पंच्याऐंशी मिनिटं लागतील! चार पंचेचाळीसच्या आत निघा!"

घड्याळात चार अडतीस. डॉक्टरबाई पेटी छातीशी धरून धावल्या. सामान चढवणाऱ्या मामांनी दोघांना पेलेल एवढं उरलेलं खोकं एकट्याने उचललं. चार चव्वेचाळीसला चाकांनी जमीन सोडली.

मित्रांनो, मोजणाऱ्याचा हात कितीही सराईत असो, मोजलेलं पुन्हा मोजा. आणि चुकलात तर काकांसारखं ओरडून सांगा, कुजबुजू नका. कुणीतरी त्या पाच मिनिटांवर डोळे लावून बसलेलं असतं.

सहा दहाला फोन वाजला. काकांनी तो पहिल्याच घंटीला उचलला.

"एक मिनिट झालं उतरून," पलीकडचा आवाज म्हणाला. "डॉक्टरबाई गाडीत बसल्यासुद्धा."