थंड इंजिनाची सकाळ

चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या आपल्या चष्मेवाल्याच्या गाडीत दोन वस्तू कंपनीच्या नव्हत्या: टर्बो आणि कॉम्प्युटर. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरणारा आणि त्याच इंजिनात हवा कोंबणारा पंखा. तो त्याने हौसेने मोठा घेतला. मोठा पंखा आला तशी हवा वाढली, वाढलेल्या हवेला जास्त पेट्रोल हवं झालं, आणि हे कंपनीच्या कॉम्प्युटरला पटवून देणं म्हणजे भिंतीशी बोलणं होतं. म्हणून त्याने तोही काढला आणि डॅशबोर्डखाली बाजारातला एक काळा डबा बसवला. काढलेलं सगळं सामान खोक्यात भरून माळ्यावर गेलं. घरात त्या नव्या कॉम्प्युटरला डबाच म्हणत, आणि ते काही लाडाने नव्हे.

असला डबा येतो तो जवळजवळ कोराच. इंजिन किती वेगात आहे, किती हवा येते आहे, किती गरम आहे, त्याप्रमाणे पेट्रोल किती सोडायचं हे सगळं त्याला कुणीतरी शिकवावं लागतं. लॅपटॉप जोडला की पडद्यावर खान्याखान्यांचा तक्ता उघडतो आणि खान्यात आकडे भरायचे. यातलं ताकदीचं काम रोलरवाल्याने केलं. चाकं रोलरवर चढवून गाडी जागच्या जागी पळवायची आणि तिचा जोर मोजायचा, हा त्याचा धंदा. त्याने दिवसभर गाडीला डरकाळ्या फोडायला लावल्या, ताकद चांगली दणदणीत वाढवून दिली आणि चावी हातात ठेवताना म्हणाला, "पळवायचं माझं काम झालं. आता हिच्याबरोबर नांदायचं काम तुमचं."

नांदणं म्हणजे काय ते दुसऱ्याच दिवशी सकाळी कळलं. डरकाळ्या फोडणारी ती वाघीण दारात चालूच होईना. खोकली, थरथरली आणि गप्प झाली.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण या माणसाचं पुढचं सगळं आयुष्य तिच्यावर बेतलेलं होतं. थंड इंजिन दिवसातून एकदाच मिळतं. एकदा ते चालू झालं की कोमट होतं, आणि कोमट इंजिनावर थंड इंजिनाचा आकडा तपासता येत नाही. सकाळी एक संधी. ती हुकली तर आकडा बदलायचा आणि उद्याची वाट बघायची. त्यातही प्रत्येक तापमानाचा खाना वेगळा, म्हणजे गारठ्याचा खाना भरायला गारठाच पडावा लागतो. लोक हवामानाच्या बातम्या कपड्यांसाठी बघतात, हा खान्यांसाठी बघायचा. गारवा पडणार म्हटलं की याची कळी खुलायची. मेव्हणा एकदा राहायला आला होता. चष्मेवाल्याला असं रोज उठून गाडीची नाडी तपासताना पाहून तो म्हणाला, "भाऊजी, गाडी घेतलीय की पाळलीय?"

पण चिकाटी म्हणावी तर याची. एकेक सकाळ करत खाने भरत गेले आणि एक दिवस असा आला, की चावी फिरवली आणि गाडी शहाण्यासारखी चालू झाली. दुसऱ्या दिवशीही झाली. तिसऱ्या दिवशीही. चष्मेवाला दुकानात शीळ घालत बसू लागला. रस्त्यावरची बाकीची माणसं कंपनीने भरलेल्या आकड्यांवर गाडी चालवतात आणि आपण आपल्या आकड्यांवर, हा विचार त्याला दिवसातून चारदा तरी सुखावून जाई. गर्व म्हणतात तो हाच, आणि तो त्याला मनापासून आवडत होता.

मग एके सकाळी गाडी बायको घेऊन गेली.

बायको रुग्णालयात एक्स-रे काढायची. एरवी ती बसने जाई, त्या दिवशी बस चुकली. मोठ्या चौकात सिग्नलला उभी असताना तिने एसी लावला आणि गाडी बंद पडली. चालू केली, वळायला स्टिअरिंग पुरतं फिरवलं, पुन्हा बंद. मागे हॉर्नचा कल्लोळ. एका दुचाकीवाल्याने काचेजवळ येऊन, "ताई, आधी शिकून घ्या," असा सल्लाही दिला. संध्याकाळी घरात शिरली ती धुमसतच.

"तू काहीतरी चुकीचं केलं असशील," चष्मेवाला म्हणाला.

हे वाक्य कुठल्याही नवऱ्याने कुठल्याही बायकोला म्हणू नये, आणि जी नवऱ्याच्या आधीपासून गाडी चालवते तिला तर मुळीच नाही.

"मी चावी फिरवली, गिअर टाकला, गाडी चालवली," ती एकेक शब्द सुटा करत म्हणाली. "याहून वेगळं काही करायचं असतं का? आणि नीट ऐक. थंडीत मला डोंगरावरच्या नव्या रुग्णालयात जायचंय, तिथल्या लोकांना मशीन शिकवायला. आमचे मोठे डॉक्टर आणि मेट्रन, दोघं माझ्या गाडीत असणार. रात्रीचा मुक्काम आहे. तिथे ही एकदा, फक्त एकदा जरी बंद पडली ना, तर आल्या आल्या डबा बाहेर, पंखा बाहेर आणि माळ्यावरचं खोकं खाली. कबूल?"

"कबूल," तो म्हणाला. म्हणायलाच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो लॅपटॉप मांडीवर घेऊन तिच्या शेजारी बसला. तिने बसल्या बसल्या चावी थेट शेवटपर्यंत फिरवली. गाडी खोकून गप्प.

"अगं, थांब ना जरा! पंपाचा आवाज संपू दे आधी."

"कुठला आवाज?"

"चावी अर्धी फिरवली की मागे पंप गुणगुणतो. तो थांबला की मग. आणि अ‍ॅक्सिलरेटरवर पाय किंचित दे. किंचितच हं."

तिने स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले आणि ती त्याच्याकडे बघत राहिली. त्या नजरेखाली चष्मेवाल्याच्या डोक्यात एकेक दिवा लागत गेला. तो रोज पंपाचं ऐकत होता. रोज अंगठ्याने दाबावं इतपत पाय देत होता. सिग्नल आला की आधीच एसी बंद करत होता, उभ्या गाडीत स्टिअरिंग पुरतं वळवायचं टाळत होता. आणि हे आपण करतो याचा त्याला पत्ताच नव्हता! गाडी त्याने सुधारलीच नव्हती. गाडी अर्धी सुधारली होती आणि उरलेला अर्धा तो स्वतः सुधारला होता.

त्याला खरोखर लाज वाटली. ज्या माणसाने आयुष्यभर लोकांच्या डोळ्यांवर भिंगं चढवली, त्याने या गाडीला मात्र स्वतःच्याच नंबरचा चष्मा केला होता आणि तो बायकोने घालावा अशी अपेक्षा धरली होती. दुकानात कुणी असं केलं असतं तर त्याने त्याला पायरीसुद्धा चढू दिली नसती.

"उद्यापासून सकाळी गाडी तू चालू करायची," तो म्हणाला. "मी हात लावणार नाही. तू जशी फिरवतेस तशीच फिरव, मुद्दाम नीट वागू नकोस."

"मुद्दाम नीट वागायची सवय नाहीच मला," ती म्हणाली.

तेव्हापासून त्या घराची सकाळ बदलली. ती घरच्याच कपड्यात, केस कसेबसे बांधून स्टिअरिंगमागे बसे. तो शेजारी लॅपटॉप घेऊन. ती चावी फिरवी आणि तो दुकानात विचारतो तसं विचारी, "आजचं बरं की कालचं बरं?"

पहिले काही दिवस उत्तर ठरलेलं असे: "झोपायला मिळालं असतं तर ते बरं." मग हळूहळू ती ऐकायला लागली. "कालच्यापेक्षा खोकला कमी, पण दम उशिरा धरतेय." मग, "आज पेट्रोलचा वास आला. जास्त झालं का रे?" मग एका सकाळी पडद्याकडे वाकून, "म्हणजे थंडी वाढली की डोस वाढवायचा. जाड माणसाचा एक्स-रे काढताना करतो तसंच की हे!" चष्मेवाल्याला हे इतकं आवडलं की तो दिवसभर गिऱ्हाइकांना सांगत सुटला. कुणाला काही कळलं नाही, पण त्याची कुणाला फिकीर होती? एकदा त्याच्या हातात चहा होता म्हणून खान्यात आकडा तिनेच टाकला. पुढे चहा नसला तरी तीच टाकू लागली.

एसीच्या ओझ्याने इंजिनाला बसणारा झटका गेला. स्टिअरिंगचा गेला. चावी कशीही फिरवा, गाडी पहिल्या दमात चालू होऊ लागली. पण तक्त्यात तळाशी दोन ओळी होत्या, कडाक्याच्या थंडीच्या. तशी थंडी या गावात पडतच नाही. तिथे त्याने वरच्या ओळींवरून अंदाजाने आकडे भरले होते.

"इथे काय?" तिने बोट ठेवून विचारलं होतं.

"चालेल ते," तो म्हणाला होता. त्याचा आवाज काही फारसा ठाम नव्हता.

निघायच्या दिवशी डॉक्टर आणि मेट्रन मागे बसले, गाडी एका चावीत चालू झाली आणि कोपऱ्यावरून वळून गेली. चष्मेवाला संध्याकाळी दुकान बंद करून घरी आला. त्या शेवटच्या दोन ओळींनी त्याला दिवसभर छळलं होतं, म्हणून त्याने टेबलाचा खण उघडला. लॅपटॉप नव्हता. कपाटात नव्हता, पलंगाखाली नव्हता. ती घेऊन गेली होती, आणि न सांगता.

म्हणजे तिला माहीत होतं, गाडी दगा देणार म्हणून. इतके दिवस रोज सकाळी शेजारी बसूनही तिचा आपल्या आकड्यांवर विश्वास नाही, हे त्याच्या जिव्हारी लागलं. रागही धड येईना, कारण विश्वास त्याचा तरी कुठे होता? बातम्यांमध्ये डोंगरावर दव गोठणार असं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला थंडी नकोशी झाली.

दुसऱ्या दिवशी दुकानात त्याचं लक्ष लागेना. एका आजोबांना त्याने तेच भिंग पुन्हा पुन्हा लावून "हे बरं की हे बरं?" विचारलं. शेवटी आजोबाच म्हणाले, "अहो, दोन्ही एकच आहे." फोन करायला हात गेला, पण केला नाही. फोन आलाही नाही.

दिवस कलताना दारात गाडी थांबली. इंजिन मंद, एका लयीत वाजत होतं. मग ते बंद झालं आणि ती आत आली. लॅपटॉप टेबलावर ठेवला, पाणी प्यायली.

"बंद पडली," ती म्हणाली.

तो समोरच्या खुर्चीत बसला.

"काचेवर पांढरं गोठलेलं. दोघं मागे बसलेले. चालू झाली आणि मेली. पुन्हा तेच. डॉक्टर म्हणाले, धक्का देऊ का? मी म्हटलं, बसा सर, धक्का नको, तिला खायला कमी पडतंय. वास नव्हता रे पेट्रोलचा, अजिबात नव्हता. लॅपटॉप लावला. खालून दुसरी ओळ, तुझी अंदाजाची. वाढवला आकडा. तिसऱ्या चावीला जी चालू झाली, ती घाट उतरेपर्यंत हूं नाही की चूं नाही." तिने पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "मेट्रन विचारत होत्या, हे कुठे शिकलीस? मी म्हटलं, घरीच."

"मला फोन का नाही केलास?"

"तू एका आकड्याऐवजी तीन सांगितले असतेस."

हे खरंच होतं. चष्मेवाल्याचा ऊर भरून आला. रोलरवाल्याने ताकदीचा आकडा दाखवला होता तेव्हा तो खूश झाला होता, पण तो आनंद याच्यापुढे काहीच नव्हता. दोन माणसांसमोर, गोठलेल्या सकाळी, या बाईने नुसत्या वासावरून ओळखलं होतं. आणि ती त्याची बायको होती. मग त्याला आपला शब्द आठवला. एकदा जरी बंद पडली तर, असं ठरलं होतं, आणि ती दोनदा पडली होती. तो निमूटपणे उठला, स्टूल ओढत माळ्याखाली नेलं आणि वर चढला. खोक्याला हात घातला.

"काय करतोयस?"

"कबूल केलं होतं ना. खोकं काढतो."

"खाली उतर," ती म्हणाली. तोवर तिने लॅपटॉप उघडून तो तक्ता त्याच्याकडे वळवला होता आणि तळाच्या त्या खान्यावर बोट ठेवलं होतं. "त्या डब्याला हात लावायचा नाही. ही सकाळ माझी आहे."