धंतोली झाकणारा वाढदिवस

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. लगेच नाक मुरडू नका. तुमच्या गल्लीतली 'येथे थुंकू नये'वाली ती मी नव्हे. कामठी रोडवर रस्त्याला दोन फाटे फुटतात, तिथं दोन लोखंडी पायांवर उभी असलेली हिरवी, इज्जतदार पाटी ती मी. माझ्या माथ्यावर 'एएच ४३' लिहिलंय. म्हणजे आशियाई महामार्ग! आग्र्याहून निघतो, नागपूर ओलांडतो आणि हैदराबाद, बंगळूर करत थेट श्रीलंकेला पोचतो. मधे समुद्र आहे म्हणा, पण कागदावर रस्ते काढणाऱ्यांना तो कधी आडवा आला नाही.

हिंगण्याच्या एका शेडमध्ये माझा पत्रा कापला, अक्षरं चिकटवली. डावा बाण शहराबाहेरून हैदराबादकडे, उजवा बाण शहरात, धंतोलीकडे. अख्ख्या विदर्भाचं दुखणं धंतोलीच्या दवाखान्यांत जातं, म्हणून ते नाव मुद्दाम मोठं काढलं. मला उभं केलं त्या दिवशी साहेब लोकांनी माझ्यासोबत फोटो काढले, 'खंड जोडणारा रस्ता' म्हणून भाषणं ठोकली. मला खरंच भरून आलं होतं. मूर्ख होते मी!

पुढं काय वाट्याला आलं? कोणी खर्रा खाऊन माझ्या पायावर पिचकारी मारली, कोणी 'लठ्ठपणा हमखास कमी' चिकटवून गेलं. धूळ पुसायला मात्र एकाचाही हात पुढं आला नाही. आणि मग उगवला पिंटूचा वाढदिवस.

हा पिंटू म्हणजे रामटेककडे धान पिकवणाऱ्या चंपतरावांचा मुलगा. बाप भला माणूस. पोरगा नागपुरात येऊन 'भावी नगरसेवक' झाला, आणि कित्येक वर्षं भावीच आहे. त्याच्या पोरांनी फ्लेक्स आणला आणि सुतळीनं माझ्या उजव्या अंगावर आवळला. मधोमध पिंटू, गॉगल लावून, दात दाखवत, हात जोडून. भोवती शुभेच्छुकांची मुंडकी. धंतोली गेली पिंटूच्या पोटाखाली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी एक गाडी माझ्यापुढं कचकन थांबली. मागच्या सीटवर चंपतराव छाती धरून आडवे झालेले, घामानं भिजलेले. त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलेल्या शामलाबाई, पिंटूची आई. गाडी चालवत होता पुतण्या अमोल. शहरात गाडी घेऊन तो पहिल्यांदाच आला होता, आणि मोबाइलही नेमका बंद पडलेला.

"काहून थांबला गा, अमोल?"

"रस्ता कोणता ते समजूनच नाही राहिलं, काकू. पाटीवर पिंटूदादाच हाय!"

मी गळा काढून ओरडले असते, पण पत्र्याला गळा कुठला? श्रीलंकेचा रस्ता लख्ख दिसत होता. धंतोलीचा दिसत नव्हता. अमोलनं बिचाऱ्यानं दिसला त्या बाणाकडे गाडी वळवली.

"थांबव गाडी!" शामलाबाई ओरडल्या. नवऱ्याचं डोकं अलगद सीटवर ठेवून त्या उतरल्या, पदर खोचला आणि पोराच्या जोडलेल्या हातांखालची सुतळी ओढली. सुटेना. मग दातांनी तोडली.

"बापाचा जीव जाऊन राहिला, अन् हा इथं दात काढून राहिला!"

फ्लेक्स फाटत खाली आला. उजवा बाण दिसला आणि गाडी शहराकडे सुसाट गेली. इतक्या वर्षांत माझ्या कामाची कदर केली ती त्या एकट्या बाईनं, आणि तीही दातांनी.

चंपतराव वाचले. मला कसं कळलं? फ्लेक्सवरून! पुढच्याच आठवड्यात पिंटू स्वतः आला, या खेपेला सुतळी नाही, तार घेऊन. 'बाबूजींची प्रकृती ठणठणीत! प्रार्थना करणाऱ्या सर्वांचे जाहीर आभार.' शामलाबाईंचा फोटो त्यात नाही.

मित्रांनो, मला रंग देऊ नका, माझी धूळही पुसू नका. तुमच्याकडून ती आशा मी केव्हाच सोडली. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, पण तुम्ही तर शब्दच झाकून टाकता! खंड जोडायच्या बाता मारणाऱ्यांनो, निदान माझं तोंड तरी मोकळं ठेवा. सध्या धंतोलीवर नव्या फ्लेक्समधले चंपतरावच हात जोडून उभे आहेत. आणि तार काही दातांनी तुटत नाही.