श्वासाच्या मशीनची तीन कोटेशनं

मेडशी ते मालेगाव या रस्त्यावर इंद्रभानची काळी-पिवळी जीप एकवीस वर्षं धावली आणि एवढ्या वर्षांत कुणाच्या पिशवीतलं अंडंसुद्धा फुटलं नाही. पण पोळा झाल्यावरच्या एका सोमवारी, भर दुपारी आणि रस्ता मोकळा असताना, ती नऊ माणसांसकट अलगद डांबरावरून खाली उतरली आणि तुरीच्या शेतात जाऊन थांबली. कुणाला खरचटलंही नाही. मात्र मागच्या सीटवर बसलेल्या तांड्यावरच्या रामीबाईनं समोरच्या आरशात पाहिलं होतं. इंद्रभानचे डोळे मिटलेले होते. रामीबाईनं बाजारात सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत घरोघरी पोचते, तशी हीही पोचली. दुसऱ्या दिवसापासून जीप स्टँडवर रिकामी उभी राहू लागली.

स्टिअरिंग एका बाजूला ओढलं गेलं, असं इंद्रभान सगळ्यांना सांगत राहिला. त्याच्या बायकोला, रुख्मिणीला, खरं काय ते माहीत होतं. त्याच्याशेजारी निवांत झोपणं तिला कित्येक वर्षांत जमलं नव्हतं. तो घोरायचा त्याचं काही नव्हतं, घोरणं मध्येच थांबायचं त्याची तिला धास्ती होती. तिनं जीपची किल्ली आपल्या पेटीत टाकली आणि त्याला एसटीनं अकोल्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी छातीला पट्टा आणि बोटाला चिमटा लावून एका रात्रीची तपासणी केली. झोपेत तासाला अडतीस वेळा श्वास अडत होता. घरी मास्कमधून हवा देणारी श्वासाची मशीन लावून झोपा, महिनाभर नीट लावली की तिच्यातलं नोंदीचं कार्ड आणून दाखवा, मग गाडीचं बोलू, असं त्यांनी बजावलं. तोवर स्टिअरिंगला हात लावायचा नव्हता.

आता रुख्मिणी ही साधी बाई नव्हे. गावातल्या महिला बचत गटाची ती अध्यक्ष. गटानं डाळीची मशीन घेतली तेव्हा हिनंच तीन दुकानदारांची कोटेशनं मागवली होती, आणि तिन्ही ठिकाणी घरची तूर पोत्यात भरून नेली होती. दुकानदार दाखवायला स्वतःची निवडलेली तूर टाकतो, तिची डाळ झकासच निघते. आपलं धान्य टाकून पाहिल्याशिवाय मशीन घ्यायची नाही, हा गटाचा कायदा होता. नवऱ्याच्या मशीनला वेगळा कायदा कशाला असेल?

वाशीमला दवाखान्याचं सामान विकणाऱ्या साधनाताई होत्या. त्यांच्यापुढे रुख्मिणीनं डॉक्टरांचा कागद ठेवला आणि तीन तऱ्हेच्या मशिनी हव्यात, पण भाड्यानं आणि घरी नेऊन पाहायला, असं सांगितलं. एवढी वर्षं दुकान चालवून साधनाताईंना असं गिऱ्हाईक भेटलं नव्हतं. त्या तिन्ही मशिनी घेऊन स्वतःच मेडशीला आल्या.

ओसरीवर गटाच्या सगळ्या बाया जमल्या. पहिली मशीन एकाच ठरलेल्या जोरानं हवा देणारी. दुसरी ऑटो, लागेल तशी हवा कमीजास्त करणारी. तिसरी तळहाताएवढी, गावाला जाताना पिशवीत टाकायची. बायांनी पाळीपाळीनं नळीपुढे हात धरला. सोयाबीन उफणायचा पंखा निवडताना त्या हेच करत, कारण वारा जोरात असला की दाणा झटकन वेगळा होतो. ऑटो मशीन तर हाताला नीट लागेचना. ती मेलेली आहे असं एकमतानं ठरलं आणि पहिली पास झाली. सुरुवातीला हवा हळूहळू वाढवायची सोय तिच्यात होती, तीही रुख्मिणीनं बंद करून घेतली. कामाला लागायचं तर पहिल्यापासून लागावं, असं तिचं म्हणणं. आधी हळू सुरुवात बरी पडते असं साधनाताई दोनदा म्हणाल्या, पण सात बायांपुढे त्यांचं काय चालणार?

पुढचे चार दिवस घरात नुसता गोंधळ. तोंडावर मास्क चढवला की इंद्रभानला वावटळीत उभं राहिल्यासारखं व्हायचं. तासाभरात तो मास्क ओढून काढायचा. हवा पोटात जायची, सकाळभर ढेकरा. मिशांच्या खालून वारा सुटून डोळ्यांत जायचा तो वेगळाच. पाचव्या दिवशी त्यानं मशीन कपाटावर ठेवली आणि चहा पिता पिता किल्ली मागितली.

रुख्मिणी देत नाही म्हणाली. मग त्याचा आवाज चढला. जीप बंद म्हणजे तो गावात कुणीच नव्हता. लोक आता त्याच्याकडे बघून हळू बोलत होते, आणि हे त्याच्या फार जिव्हारी लागलं होतं. मशीन लावूनही माणूस मरायचा तो मरतोच, असं काहीसं तो बोलून गेला.

तिनं हातातला कप खाली ठेवला.

"तुमचा श्वास थांबला का मी मोजत राह्यते," ती म्हणाली. "धा, पंधरा, वीस. मंग कोपर मारते तुमाले, तवा सुरू होते. लग्नापासून नाई, पन स्नेहा झाली तवापासून असंच चालू आहे. एका दिवशी मले झोप लागली तं तुमाले कोन उठवीन?"

त्यांच्या लेकीचं, स्नेहाचं, आता लग्न होऊन तिला पोर झालं होतं. कोपर कशाचं लागतं हे इंद्रभाननं इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. त्याला वाटायचं, बायकोला झोपेत लोळायची सवय आहे.

दुसऱ्या दिवशी रुख्मिणी वाशीमला गेली आणि आपली चूक तिनं सरळ कबूल केली. साधनाताई हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. हवेनं काही ढकलायचं नसतं, त्यांनी समजावलं. झोपेत गळ्याची वाट ढिली पडून मिटते, ती उघडी राहील एवढाच वारा पुरे. कुशीवर झोपलं तर कमी लागतो, पाठीवर झोपलं तर जास्त, म्हणून त्याला ऑटो बरी. "ही मशीन हातानं नाही कळत ताई. माणूस झोपला की मगच कळते."

म्हणजे कायदा बरोबर होता, तो पाळला मात्र अर्धाच. धान्य टाकायच्या आधीच मशीन पास केली होती.

मग उरलेल्या दोन मशिनी घरी आल्या, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली आणि या वेळी गटाची वही निघाली. आवाज किती, सकाळी नाक कोरडं पडतं का, लाईन गेली तर इन्व्हर्टरवर किती चालते, बिघडली तर दुरुस्तीला माणूस कुठून येणार, असं सगळं रुख्मिणीनं लिहिलं. इंद्रभान दुपारी जेवून बाजेवर पडायचा आणि मशीन लावायचा. कुरकुर नाही, तक्रार नाही. छोटी मशीन भुंग्यासारखी आवाज करी, तिच्यात पाण्याची टाकीही नव्हती, त्याचं नाक सोलून निघालं. तिच्यापुढे फुली पडली. ऑटोत पाण्याची टाकी होती. तिचा मास्क मात्र मिशांवर बसेना. मिशा काढा असं सांगायला रुख्मिणीची जीभ रेटेना, कारण तरुणपणी त्या मिशा बघूनच तिनं होकार दिला होता. साधनाताईंनी तीन मास्क पाठवले. त्यातला मोठा, नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा, मिशांना आत घेऊन बरोबर बसला.

त्या दुपारी बाया बचतीच्या बैठकीला आल्या तेव्हा इंद्रभान बाजेवर झोपला होता. त्या मुद्दाम कान देऊन बसल्या. घोरणं नाही, थांबणं नाही, नुसती छाती वरखाली. मेलेल्या मशीनला वहीत पास लिहिलं गेलं.

महिना झाल्यावर कार्ड अकोल्याला गेलं. रोज सहा-सात तास मशीन लागली होती आणि अडतिसाचे दोन झाले होते. डॉक्टरांनी गाडीला परवानगी दिली. पण स्टँडवरच्या माणसांना कार्ड कोण दाखवणार? आठवडाभर इंद्रभान आवाज देत राहिला आणि लोक त्याला रामराम करून दुसऱ्याच्या जीपमध्ये बसत राहिले. तो घरी येऊन रिकामी जीप पुसत बसायचा. ते रुख्मिणीला बघवेना.

शेवटी ती म्हणाली, मीच पुढच्या सीटवर बसते. बायको जवळ बसून बोलत राहील, ह्याला डुलकी लागू देणार नाही, असं लोकांना वाटेल. इंद्रभानला ते लागलं, तरी तो हो म्हणाला. त्या दिवशी एसटी नुकतीच सुटली होती, दुसरी जीप पंक्चर होती, म्हणून का होईना पण सहा जण चढले. सगळ्यात शेवटी रामीबाई चढली आणि तिनं आरसा दिसेल अशी जागा धरली.

रुख्मिणीनं गाव सुटताच बोलायला सुरुवात केली. गटाचं सांगितलं, स्नेहाच्या पोराच्या दातांचं सांगितलं. पुढे काय सांगितलं ते तिला आठवेना. डोळे उघडले तेव्हा जीप मालेगावच्या स्टँडवर उभी होती आणि तिच्या मानेखाली कुणाचं तरी गाठोडं होतं. ते रामीबाईचं होतं. इंद्रभाननं वाटेत एकदाही हॉर्न दिला नव्हता आणि मागचे लोकही कुजबुजत बोलत आले होते, असं तिला नंतर कळलं.

रामीबाईनं गाठोडं उचललं आणि इंद्रभानला सांगितलं, "परतीले माही जागा धर. घरवाली अशी बिनघोर झोपते, तं मंग आमाले कायचं भेव?"

रुख्मिणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. राखण करायला आले आणि मीच झोपले, ती पुटपुटली. इंद्रभाननं तिच्या डोक्यावरचा घसरलेला पदर, भर स्टँडवर, सगळ्यांसमोर, नीट केला.

"परतीलेही झोप," तो म्हणाला. "मी जागा आहो."